मोठ्या बरणीत काय टिकते?

चाळीस-पन्नास कैऱ्यांचे लोणचे आपण एकाच मोठ्या बरणीत घालतो आणि ते वर्षभर बिनधोक खातो. अमेरिकेत उन्हाळ्यातील भाज्या आणि फळे काचेच्या बरण्यांत भरून हिवाळ्यासाठी ठेवण्याची घरगुती पद्धत आहे. अन्न बरणीत भरायचे, झाकण लावायचे आणि सबंध बरणी तापवून ती हवाबंद करायची, अशी ही रीत. तिला तिथे 'कॅनिंग' म्हणतात, जरी त्यात 'कॅन' म्हणजे पत्र्याचा डबा कुठेच नसला तरी. गंमत अशी की या बरण्या अर्ध्या किंवा फार तर एक लिटरच्या असतात. त्या देशाच्या कृषी खात्याच्या मार्गदर्शिकेत सुमारे दोन लिटरची बरणी वापरायला मुभा आहे ती फक्त सफरचंद आणि द्राक्षे यांच्यासारख्या आंबट रसांसाठी. मटार, मका, घेवडा, बटाटा यांना ती मुभा नाही.

दोन्हीकडे बरणी काचेची, दोन्हीकडे झाकण घट्ट. मग आपली बरणी मोठी चालते आणि त्यांची का चालत नाही?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहण्याजोगा आहे. उत्तरांत मीठ, तेल, हवा हे तिन्ही शब्द येतील, आणि बहुधा हवा सर्वांत आधी येईल. "हवा लागली की अन्न बिघडते, हवा काढून टाकली की टिकते" हे वाक्य आपल्या मनात फार खोल रुजलेले आहे. त्याला दोनशे वर्षांचा इतिहासही आहे. म्हणून प्रथम हवेकडे पाहू.

हवेवरचा आळ

फ्रान्समधील निकोला अपेर हा व्यवसायाने मिठाईवाला. १७९५ च्या सुमारास त्याने अन्न टिकवण्याचे प्रयोग सुरू केले. रुंद तोंडाच्या जाड काचेच्या बाटल्यांत तो भाज्या, फळे, मांसाचा रस्सा, दूध असे पदार्थ भरी, बूच घट्ट बसवून तारेने बांधी आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवी. पदार्थ महिनोन् महिने टिकत. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. अट एवढीच, की त्याने आपली रीत पुस्तकरूपाने जगजाहीर करावी. तसे पुस्तक त्याने त्याच वर्षी प्रसिद्ध केले. म्हणजे आज जगभर पत्र्याच्या डब्यांत जे अन्न मिळते, त्याची सुरुवात काचेतून झाली आहे.

रीत सापडली, पण कारण? ते अपेरला सांगता येत नव्हते. त्या काळचा थोर रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याने अपेरच्या बाटल्यांतील हवा तपासली. तिच्यात ऑक्सिजन नव्हता. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की ऑक्सिजन नाही, म्हणूनच अन्न टिकते. निरीक्षण अचूक, निष्कर्ष चुकीचा! विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी नाहीत, पण इतके दीर्घायुषी उदाहरण विरळाच. अन्न सूक्ष्मजीवांमुळे नासते आणि उष्णतेने ते मरतात म्हणून टिकते, हे लुई पाश्चर याने १८६० च्या दशकात दाखवून दिल्यावरही हवेवरचा आळ पुरता गेला नाही.

बरणीतील निर्वाताचे काम काय, हे येथेच सांगून टाकू. बरणी तापली की आतील पाण्याची वाफ हवेला बाहेर ढकलते. बरणी गार झाली की ती वाफ पाणी होऊन बसते आणि आतील दाब उतरतो. समजा आतला दाब बाहेरच्यापेक्षा अर्ध्या वातावरणाने कमी झाला. सात सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे साडेअडतीस चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्यावर जवळजवळ २० किलो वजनाइतका भार पडतो. मुरांब्याच्या नव्या बरणीचे झाकण उघडताना होणारी दमछाक आणि मग येणारा 'टक्' असा आवाज याचाच. हा भार झाकणाला तोंडावर घट्ट दाबून ठेवतो आणि बाहेरच्या जंतूंना आत येऊ देत नाही. पण जे आधीच आत आहेत त्यांचे निर्वात काहीच बिघडवत नाही. उलट काहींचे भलेच करतो.

अमेरिकेत ही रीत घरोघरी गेली ती झाकणामुळे. जॉन लँडिस मेसन या कारागिराने ३० नोव्हेंबर १८५८ रोजी एका बरणीचे पेटंट घेतले. तिच्या गळ्यावर काचेचेच आटे होते, त्यामुळे आटे असलेले धातूचे झाकण पिळून बसवता येई. बूच आणि लाख यांची कटकट संपली. पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनी लाखोंनी बरण्या काढल्या आणि त्यांवर मेसनचे नाव व ती तारीख उठवण्याची प्रथा पुढेही चालू ठेवली. मेसनला त्यातून फारसे काही मिळाले नाही. जर्मनीत योहान वेक याने १९०० मध्ये काढलेल्या कंपनीच्या रबरी कडीच्या बरण्या इतक्या प्रचारात आल्या, की 'वेक'वरून तिकडे अन्न टिकवण्याचे क्रियापदच तयार झाले.

उकळूनही न मरणारे

आता मूळ मुद्दा. पाणी उकळले की सगळे जंतू मरतात असे आपण सहज म्हणतो. वाढीस लागलेले जीवाणू मरतात, हे खरे. पण काही जीवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती कवच करून बीजाणूच्या रूपात पडून राहतात. फेर्डिनांड कोन याने १८७६ मध्ये गवतावरच्या एका जीवाणूचे असे बीजाणू वर्णन केले आणि उकळलेला गवताचा काढा पुन्हा का नासतो, हे कोडे सुटले. पुढे १८९५-९६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत प्रेस्कॉट आणि अंडरवुड यांनी डबाबंद कालवे का नासतात याचा शोध घेतला, तेव्हा तिथेही उकळत्या पाण्याला दाद न देणारे बीजाणूच सापडले. त्यांना मारायला सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान लागे.

नासलेले अन्न वासावरून तरी कळते. पण या कुळातील एकाचा ना वास येतो, ना चव बदलते, निदान दर वेळी तरी नाही. १८९५ मध्ये बेल्जियममधील एल्झेल या गावी हॅम खाऊन काही वादक आजारी पडले आणि त्यांतील तिघे मरण पावले. एमिल व्हॅन एर्मेन्गेम याने त्या मांसातून एक जीवाणू वेगळा केला. त्यालाच आज आपण क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम म्हणतो. तो मातीत सर्वत्र असतो, म्हणजेच भाजीबरोबर घरी येतोच. हवा असताना त्याचे बीजाणू निपचित राहतात; ऑक्सिजन नसलेली, ओलसर, आंबट नसलेली जागा मिळाली की ते रुजतात आणि वाढताना विष तयार करतात. माणसाला माहीत असलेल्या विषांत हे सर्वांत जहाल म्हणून गणले जाते. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, बोबडी वळते आणि अखेर श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

आता उकळलेल्या मटारची बरणी डोळ्यांपुढे आणा. उकळण्याने इतर सगळे जंतू मेले, म्हणजे स्पर्धक गेले. ऑक्सिजन गेला. पाणी भरपूर आहे. आंबटपणा नाही. वर घट्ट झाकण. या जीवाणूसाठी मुद्दाम घर बांधायचे म्हटले तरी याहून चांगले बांधता आले नसते!

ही केवळ जुनी भीती नव्हे. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात लँकेस्टर या गावी एका चर्चमध्ये सहभोजन झाले. त्यात बटाट्याची कोशिंबीर होती आणि बटाटे घरी बरण्यांत टिकवलेले होते. बरण्या उकळत्या पाण्यात ठेवल्या होत्या, दाबाखाली नव्हे. २९ जणांना बॉट्युलिझम झाला, एक जण दगावला. अमेरिकेतील या रोगाच्या साथींत घरी टिकवलेल्या भाज्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

हल्ली मटार, स्वीटकॉर्न, मशरूम असे काहीही काचेच्या बरणीत भरून, उकळून, 'वर्षभर ताजे' ठेवण्याच्या चित्रफिती आपल्याकडेही भरपूर पाहिल्या जातात. म्हणून हा हिशेब आपणही मांडून पाहिला पाहिजे.

थोडा हिशेब

१२१ अंश तापमानाला या बीजाणूंची संख्या एक-दशांश व्हायला सुमारे ०.२१ मिनिट, म्हणजे १३ सेकंद लागतात. आणखी १३ सेकंदांनी एक-शतांश, आणखी १३ सेकंदांनी एक-सहस्रांश, असे ते चालते. संख्या कधीच नेमकी शून्य होत नाही, हे लक्षात घ्या. म्हणून कारखान्यांत अशा बारा पायऱ्या घेण्याचा संकेत आहे. बारा पायऱ्यांनंतर एक लाख कोटी बीजाणूंमागे सरासरी एक उरतो. त्यासाठी लागणारा वेळ सुमारे अडीच मिनिटे.

दुसरा नियम असा, की तापमान १० अंशांनी कमी केले की हा वेळ दसपट होतो. म्हणजे १११ अंशांना २५ मिनिटे आणि १०१ अंशांना २५० मिनिटे. समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणाऱ्या पाण्यात सव्वापाच तास. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, तेथे साडेआठ तास. महाबळेश्वरला ते साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, तेथे पंधरा तास! लॉगॅरिदम शिकवताना कोणी "याचा उपयोग काय?" असे विचारले, तर हे उदाहरण हाताशी ठेवावे.

इतका वेळ उकळलेल्या मटारचे काय होईल हे सांगायला नको. म्हणून दाब वाढवून तापमान वाढवणे हाच मार्ग उरतो. आपल्या प्रेशर कुकरमध्ये बाहेरच्या दाबावर आणखी सुमारे एक वातावरण दाब असतो आणि त्यामुळे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. मग कुकरमध्ये बरण्या ठेवून शिट्ट्या घ्याव्यात का? नाही. शिट्टीच्या कुकरमध्ये दाब चढउतार करतो. आतील हवा पुरती निघालेली नसेल तर दाब तेवढाच राहूनही तापमान कमी पडते, कारण दाबाचा काही वाटा वाफेचा नसून हवेचा असतो. शिवाय छोटा कुकर झटकन तापतो व झटकन निवतो. आणि तपासून ठरवलेल्या वेळापत्रकांत चढण्या-उतरण्याचा तो संथ काळही धरलेला असतो. तिकडे या कामासाठी दाबमापक किंवा ठरावीक वजन असलेली, चार बरण्या सहज मावतील अशी स्वतंत्र भांडी वापरतात. ज्यांची परदेशातील नातेवाईक मंडळी तेथे कॅनिंग करतात, त्यांनी त्यांना एवढे जरूर विचारावे की भांडे कोणते वापरता.

गाभ्यापर्यंतचे अंतर

आतापर्यंतचा सगळा हिशेब 'अन्न त्या तापमानाला पोचल्यानंतर'चा होता. पोचायला किती वेळ लागतो? येथे बरणीचा आकार येतो.

उष्णता काचेतून आत शिरते आणि बरणीच्या मध्याकडे, म्हणजे गाभ्याकडे जाते. आत पातळ पाणी असेल तर काम सोपे. काचेलगतचे पाणी तापून वर जाते, गार पाणी खाली येते, आणि अभिसरणाने सगळे लवकर तापते. पण भोपळ्याचा गर, वाटलेली डाळ, दाट रस अशा पदार्थांत अभिसरण जवळजवळ होत नाही. उष्णतेला एका थरातून दुसऱ्या थरात झिरपतच जावे लागते, आणि झिरपण्याचा नियम असा, की अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. वेळ हा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

बहुतेक ओल्या अन्नपदार्थांत उष्णता जवळपास पाण्याइतक्याच वेगाने झिरपते. त्यावरून हिशेब केला तर आठ सेंटिमीटर व्यासाच्या बरणीतील दाट गराचा गाभा उकळत्या पाण्यात ३० अंशांवरून ९३ अंशांपर्यंत जायला सुमारे ८५ मिनिटे लागतात. सोळा सेंटिमीटर व्यासाच्या बरणीला पावणेसहा तास! बाहेरचे पाणी खळखळत असते, काचेला हात लावता येत नाही, काचेलगतचा गर शिजून पिवळट होतो, आणि त्याच वेळी गाभा कोमट असतो. कोमट म्हणजे जंतूंना हवाहवासा. अमेरिकेच्या कृषी खात्याने भोपळ्याचा दाट गर घरी बरणीत टिकवायला कोणत्याच आकारात मान्यता दिलेली नाही, फोडी करून पाण्यात घालून मात्र दिली आहे, याचे इंगित हेच.

मोठ्या बरणीच्या काचेची जाडीही अधिक असते. जाड काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत तापमानाचा फरक जास्त पडतो आणि ती लवकर तडकते. अर्थात हे कारण दुय्यम.

चौपट वेळेचा नियम शाळेत तपासता येतो. सारख्या उंचीच्या दोन उभट काचेच्या बरण्या घ्याव्यात, एकीचा व्यास सहा सेंटिमीटर आणि दुसरीचा बारा. नेमके जमले नाही तरी चालेल, मात्र व्यास मोजून लिहावेत. गव्हाच्या पिठाची दाट खळ शिजवून, पूर्ण गार करून दोन्हींत भरावी. दोन्हींच्या मधोमध तापमापी उभा करावा. एका मोठ्या पातेल्यात ५५ ते ६० अंशांचे पाणी घेऊन त्यात दोन्ही बरण्या ठेवाव्यात. उकळते पाणी नको. काच तडकेल आणि मुलांना भाजेल. पाणी निवू लागले की थोडे थोडे गरम पाणी घालून तापमान टिकवावे. दर पाच मिनिटांनी दोन्ही तापमापी वाचावेत. सुरुवातीच्या आणि पाण्याच्या तापमानाच्या बरोबर मधले तापमान लहान बरणी सुमारे वीस मिनिटांत गाठील, मोठी बरणी ऐंशी मिनिटांच्या आसपास. एका मुलाने पाणी सांभाळावे, दोघांनी नोंदी कराव्यात, आणि पहिली पंधरा मिनिटे तापमापी जागचा हलत नाही म्हणून कोणी तो मोडला असे समजू नये. मग खळीऐवजी साधे पाणी भरून प्रयोग पुन्हा करावा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले की अभिसरण म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

लोणच्याची बरणी वेगळी का?

आता आपल्या बरणीकडे येऊ. लोणचे उष्णतेने टिकत नाही, आंबटपणाने आणि मिठाने टिकते. बॉट्युलिनमचे बीजाणू सामू ४.६ च्या खाली रुजत नाहीत. कैरीचा सामू ३ च्या आसपास, लिंबाचा त्याहूनही कमी. शिवाय मीठ पेशींतील पाणी ओढून घेते आणि जंतूंना वापरता येईल असे पाणी कमी करते. कैरीला 'पाणी सुटते' असे आपण म्हणतो ते हेच. मुरांब्यात, मोरावळ्यात हेच काम साखर करते. वाळवणात तर पाणीच काढून टाकलेले असते.

आणि खरी मेख अशी आहे, की उष्णता बरणीच्या बाहेरून आत यावी लागते, मीठ मात्र आपण प्रत्येक फोडीला चोळून मगच ती बरणीत भरतो. मिठालाही फोडीच्या गाभ्यापर्यंत झिरपत जावे लागते, आणि तिथेही अंतराच्या वर्गाचाच नियम चालतो. मीठ तर उष्णतेपेक्षा शंभरेक पट सावकाश झिरपते. पण त्याला जे अंतर कापायचे ते फोडीच्या अर्ध्या जाडीचे, बरणीच्या अर्ध्या व्यासाचे नव्हे. सेंटिमीटरभर जाडीच्या फोडीत ते काही तासांत पोचते. बरणी पाच लिटरची असो की पन्नास, फोडीला त्याचे सोयरसुतक नाही. सबंध कैऱ्या मिठाच्या पाण्यात घातल्या तर मात्र आठवडे लागतात, आणि लिंबे सबंध घालायची तर त्यांना चिरा देतात. आपल्या आजी-पणजींनी वर्गाचा नियम लिहिला नसेल, पण सुरी कुठे चालवायची ते त्यांना पक्के ठाऊक होते.

मोठ्या लोणच्याच्या बरणीला धोका असतो तो वरच्या थराला. ओला चमचा बुडवला की तेवढ्या जागी मीठ आणि आम्ल पातळ होतात, आणि बुरशीला ऑक्सिजनही तिथेच मिळतो. म्हणून मोठ्या बरणीला दादरा बांधून ती कोपऱ्यात ठेवायची आणि रोजच्यापुरते लोणचे छोट्या सटात काढून घ्यायचे, ही रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. वरचा तेलाचा थर बुरशीची हवा तोडतो. मात्र तेल जंतूंना मारत नाही. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका उपाहारगृहात जेवलेल्या ३६ जणांना बॉट्युलिझम झाला, त्याचे मूळ तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणात सापडले. लसूण जमिनीखालचा, आंबट नसलेला. तेलाने हवा तोडलेली. आपल्या लसणाच्या लोणच्यात लिंबाचा भरपूर रस आणि मीठ असते, आणि त्यानेच ते तरते. ते कमी करून 'कमी आंबट, कमी खारट' लोणचे करायचे असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावे.

सामू ४.६ ही रेघ मुलांना स्वतः शोधू द्यावी. सामू दाखवणारी कागदाची पट्टी आणि बाजारातील दहा वस्तू पुरतात. चिंच, कोकम, कैरी, लिंबू, स्ट्रॉबेरी एका बाजूला पडतील. मटार, गाजर, बटाटा, मका दुसऱ्या बाजूला. टोमॅटो नेमका रेघेवर घुटमळतो, काही जातींचा खाली, काहींचा वर. म्हणून टोमॅटो बरणीत टिकवताना लिटरभर बरणीमागे दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालायला सांगतात. चवीसाठी नव्हे. पपई, केळे, अंजीर ही फळे गोड असली तरी पुरेशी आंबट नाहीत, याचे मुलांना आश्चर्य वाटते.

आंबट पदार्थांना उष्णतेचे काम थोडकेच उरते. बुरशी, किण्व आणि साधे जीवाणू मारले की झाले, आणि त्याला उकळते पाणी पुरते. महाबळेश्वरच्या साडेपंच्याण्णव अंशांतही स्ट्रॉबेरीचा जॅम सुखरूप होतो, तो यामुळेच. इतकेच नव्हे, रस आधी पातेल्यात ढवळत उकळून गरम असतानाच बरणीत भरला, तर गाभ्यापर्यंतच्या प्रवासाचा प्रश्नच मिटतो. गाभा गरमच असतो. कोकणातील कारखान्यांत हापूसचा गर तीन-तीन किलोंच्या मोठ्या डब्यांत भरता येतो, त्यामागे ही दोन्ही कारणे आहेत. आंबा फार पिकलेला असेल तर त्याचा सामू वर सरकतो, म्हणून थोडे सायट्रिक आम्ल घालतात.

कोरड्या वस्तूंना मोठी काचेची बरणी उत्तमच. काचेला वास लागत नाही, आतले दिसते, ओल शिरत नाही. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. उन्हात वाळवलेली डाळ किंवा धान्य गरम असताना मोठ्या बरणीत भरले, तर गाभा कित्येक तास गरमच राहतो आणि आतली वाफ गार काचेवर घाम होऊन जमते. त्या ओलीवर बुरशी धरते. ताटात पसरून पूर्ण निवू द्यावे, मग भरावे. आणि बरणी गळ्यापर्यंत भरावी. काठोकाठ भरलेल्या हवाबंद बरणीत किड्यांना ऑक्सिजन लवकर अपुरा पडतो, अर्धी रिकामी बरणी त्यांना जगवते. हळद आणि तिखट यांचा रंग उजेडाने उडतो, त्यांना चिनी मातीची बरणी किंवा बंद फडताळच बरे.

घरी टिकवलेली आंबट नसलेली भाजी कोणी दिली, आणि ती कशी टिकवली हे कळले नाही, तर ती चाखून पाहू नये. झाकण फुगलेले नसले तरी नाही. हे विष दहा मिनिटे उकळल्याने नष्ट होते, बीजाणू होत नाहीत. पण संशयित बरणी उकळून वाचवण्यापेक्षा टाकून देणे स्वस्त.

दुकानांत हल्ली शिजवलेल्या डाळी-भाज्यांची पाकिटे मिळतात, फ्रिजबाहेर महिनोन् महिने टिकणारी. सैनिकांसाठी अशा पाकिटांवर मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत बरेच काम झाले आहे. त्यांतील अन्न आंबट नसते, म्हणजे ते सुमारे १२१ अंशांच्या वाफेतून जावेच लागते. एखादे पाकीट वर्गात आणून त्याची जाडी मोजावी. ती दोन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. उष्णतेला दोन्ही बाजूंनी जेमतेम एकेक सेंटिमीटर जायचे असते, आणि गाभा दहा-बारा मिनिटांत तापतो. तेवढीच डाळ गोल बरणीत भरली असती तर किती वेळ लागला असता, हे नववी-दहावीची मुले वरच्या नियमावरून अंदाजाने काढू शकतील.